पाटा वाढवण्याआधी मोजा: एमजीबीच्या मागच्या कमानी कशा निवडायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, क्रोम बंपरवाली, शिवाजी पार्कजवळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हपर्यंत फेरी आणि कधीतरी लोणावळा. गाडी मागून बसलीये, डावीकडे जरा जास्त, दोघं बसले की स्पीडब्रेकरवर एक्झॉस्ट घासतो आणि खड्ड्यात मागून दणका येतो. कमानवाला म्हणतो कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक पाटा, म्हणजे स्टीलची एक पट्टी, वाढवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. मित्र म्हणतो बाहेरून पॅराबोलिक कमानी मागव. आणखी कोणी सांगितलंय की कडक आणि लो केलेल्या स्पोर्ट्स कमानी टाक, गाडी स्पोर्ट्स आहे ना. तर यातलं काय करायचं?

माझं मत सरळ सांगतो, तुमच्या वापराला यातलं एकही नको. ओरिजिनल रेटच्या (म्हणजे कडकपणाच्या) आणि बरोबर बाक असलेल्या नव्या कमानींची जोडी घ्या, सोबत जोडाच्या भोकात बसणारे नवे रबर बुश आणि पॅड, आणि शॉकअप धड करून घ्या. पण ऑर्डर देण्याआधी एक रविवार मोजमापाला द्या कारण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी निम्मी लक्षणं कमानीशिवाय दुसऱ्याच गोष्टीची पण असू शकतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण चुकीच्या कमानी विकत घेतल्या जातात त्या बहुतेक वेळा यामुळेच. गाडी बसली की सगळे म्हणतात कमान मऊ झाली. तसं होत नाही. कमानीच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक तिचा बाक, म्हणजे मोकळी सोडल्यावर ती किती वळलेली राहते, आणि दुसरा तिचा रेट, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात. वर्षानुवर्षं वजन आणि दणके खाऊन स्टीलला कायमचा वाक येतो, बाक कमी होतो, गाडी खाली येते. पण रेट तोच राहतो. रेट ठरतो पाट्यांची लांबी, रुंदी, जाडी, संख्या आणि स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस यावर, आणि हा मॉड्युलस कुठल्याही स्टीलचा २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो, स्टील नवं असो, पन्नास वर्षं जुनं असो, पाणी दिलेलं (तापवून, विझवून कडक केलेलं) असो की नसो. हीट ट्रीटमेंटने पाटा किती ताण सहन करेल ते बदलतं, तो किती कडक लागेल ते बदलत नाही. गंजाने पाटे खाऊन पातळ झाले असतील तर रेट खरंच कमी होतो, एखादा पाटा तुटला असेल तरीही होतो, पण ते डोळ्यांना दिसतं.

म्हणजे तुमच्या गाडीचा बाक गेलाय आणि इलाज सुचवला जातोय रेट वाढवायचा.

कमानवाल्यांना मी वाईट म्हणत नाहीये. वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला किंवा कळंबोलीला जे लोक बसतात त्यांचा हात बघण्यासारखा असतो, पाटा नुसता ठोकून आवाजावरून तडा सांगतात. पण त्यांचा सगळा अनुभव ट्रक-टेम्पोचा, आणि तिथे गिऱ्हाईक येतं तेच मुळी वजन वाढवायला, पाटा वाढवणं हे तिथलं बरोबर उत्तर आहे. आपल्याकडच्या पद्मिनी टॅक्सीतही डोक्यावर कॅरियर, मागे पाच माणसांचं सामान, म्हणून जादा पाटा टाकलेला असायचा आणि तो शोभायचा. तुमच्या एमजीबीचं वजन वाढलेलं नाहीये. ती १९६७ साली जेवढी होती तेवढीच आहे आणि मागे तुम्ही फार तर दोन बॅगा ठेवता.

आता पाट्याचा हिशोब बघा. सारख्या जाडीचे ५ पाटे असतील आणि सहावा पूर्ण लांबीचा टाकला तर रेट साधारण २० टक्के वाढतो. पण कमानवाल्याकडे तुमच्या जाडीचा पाटा नसतोच, टेम्पोचा असतो. जाडीचा परिणाम घनात होतो, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा आला तर तो एकटा दोन पाट्यांएवढं काम करतो. म्हणजे तुमची कमान एका झटक्यात ४० टक्के कडक. गाडी उचलली जाईल, दिसायला छान दिसेल, आणि माहीमपासून वरळीपर्यंतच्या पेव्हर ब्लॉकवर प्रत्येक फट मणक्याला कळेल. शिवाय तो जाड पाटा आपल्यावर जास्त ताण घेतो, बाकीचे पातळ पाटे तसेच निवांत राहतात, आणि टोकाशी जिथे तो संपतो तिथे वरचा पाटा घासून खड्डा पडतो. पुढे तडा जातो तो तिथूनच.

दुसरा पर्याय देतात तो म्हणजे आहे त्याच कमानीला पुन्हा बाक देणे. हे तत्त्वतः बरोबर आहे, रेट तोच ठेवून बाक परत आणायचा, पण कसं करतात त्यावर सगळं आहे. गॅस टॉर्चने पाटा मध्येच लाल करून हातोड्याने वाकवला तर त्या जागेचं पाणी उतरतं, स्टील तिथे मऊ लोखंडासारखं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यातल्या खड्ड्यांत गाडी परत खाली. थंड पाट्यावर घण मारून बाक देतात त्यात घणाचे वण पडतात, प्रत्येक वण म्हणजे तड्याची सुरुवात. नीट करायचं तर कमान सुटी करून सगळे पाटे भट्टीत साडेआठशे अंशांच्या आसपास एकसारखे तापवायचे, फॉर्मरवर बाक देऊन तेलात विझवायचे, मग साडेचारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान टेंपर करायचे, ताण येतो त्या बाजूला शॉट पीनिंग (बारीक छर्‍यांचा मारा) करायचं आणि शेवटी प्रेसवर पूर्ण दाबून घ्यायचं. हे करणारे लोक आहेत पण एका जोडीसाठी भट्टी लावायला सहसा कोणी तयार होत नाही. म्हणून मी म्हणतो नवी जोडी.

आता मोजमाप. सोसायटीच्या पार्किंगची फरशी सपाट आहे असं गृहीत धरू नका, पाणी जायला उतार दिलेलाच असतो, आणि रस्त्यावर तर अजिबात मोजू नका कारण रस्त्याला कडेला उतार असतो आणि तुमची गाडी डावीकडेच झुकलेली दिसते म्हणताय. गवंड्याची पाण्याची लेव्हल पाइप आणा, चारही चाकांच्या जागा तपासा, फरक असेल तर चाकाखाली प्लायचे तुकडे सारून लेव्हल करा. टायरमधली हवा दोन्ही बाजूला सारखी. गाडी हाताने पुढे-मागे ढकला आणि मागून चार-पाच वेळा दाबून सोडा म्हणजे बुश आणि पाटे अडकून राहिलेले असतात ते मोकळे होतात. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या आर्चच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको, नाहीतर टायरची झीज पण त्यात येते. चारही चाकांचं लिहून ठेवा. एकदा रिकामी गाडी, एकदा दोघं बसून.

डावीकडचा झुकाव मागच्या कमानीमुळेच आहे का हे शोधायची सोपी युक्ती आहे. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईच्या) अगदी मध्यावर एकच जॅक लावून पुढची चाकं जमिनीवरून उचला, मागची चाकं जमिनीवरच, दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून अडवलेली. आता पुढच्या स्प्रिंगांचा संबंध संपला, गाडी पुढे एका बिंदूवर टेकलेली आहे. मागचा झुकाव तसाच राहिला तर दोष मागे, झुकाव गेला तर पुढच्या डाव्या कॉइल स्प्रिंगकडे बघा. गाडीखाली जाऊ नका या वेळी, नुसतं बाहेरून मोजा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, बहुतेक गाड्या वर्षानुवर्षं एकट्या ड्रायव्हरने चालवलेल्या असतात म्हणून कमान आधी उजवीकडची बसायला पाहिजे. डावी जास्त बसलीये म्हटलं की मला आधी गंजाची शंका येते.

आणि मुंबईत ती शंका घ्यायलाच हवी. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. मागच्या कमानीचं पुढचं टोक जिथे बसतं ती जागा मागच्या चाकाच्या पुढे, सिल (दाराखालची पत्र्याची पेटी) संपते त्या कोपऱ्यात आहे, आणि चाकाने उडवलेलं सगळं पाणी-चिखल तिथेच जाऊन साठतं. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. मागचा शॅकल (कमानीचं मागचं टोक धरणारा हलता दुवा) जिथे लटकतो तो बूटच्या (डिकीच्या) खालचा भागही तसाच. स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचून बघा, ब्रॅकेटभोवती पत्रा फुगलाय का, अंडरसीलचा थर नुसताच लोंबतोय का. इथे पत्रा खचला असेल तर जगातली कुठलीही कमान गाडी सरळ करणार नाही आणि नव्या, ताठ कमानीने तो कोपरा उलट लवकर फाटेल. हे काम निघालं तर आधी पत्र्याचं करा, कमानीचे पैसे नंतर.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. क्रोम बंपर एमजीबीची मागची कमान गाडीच्या वजनाखाली जवळजवळ सपाट दिसते. ट्रकची बाकदार कमान बघायची सवय असलेल्या माणसाला ती बसलेलीच वाटते. सपाट दिसते म्हणून घाबरू नका, उलट्या दिशेला वाकलेली असेल, किंवा बंपस्टॉप (एक्सल बॉडीवर आदळू नये म्हणून असलेलं रबर) आणि एक्सलमध्ये बोटभर पण जागा उरली नसेल तर काळजीचं.

आता घरच्या घरी रेट कसा काढायचा, कारण आधीच्या मालकाने काय टाकून ठेवलंय हे कोणालाच माहीत नसतं. रोडस्टरमध्ये सीटच्या मागे जो कट्टा आहे तो जवळजवळ एक्सलच्या वर येतो. त्यावर प्लाय पसरून ५० किलोच्या दोन वाळूच्या गोण्या ठेवा, डावीकडे एक, उजवीकडे एक. बूटमध्ये ठेवू नका, ते एक्सलच्या मागे पडतं आणि हिशोब चुकतो. ठेवल्यावर गाडी दाबून सोडा, मोजा, मग गोण्या काढा, परत दाबून सोडा, परत मोजा. पाटे एकमेकांवर घासतात त्यामुळे जाताना आणि येताना आकडा थोडा वेगळा येतो, सरासरी घ्या. समजा २८ मिलिमीटर खाली गेली तर ५० भागिले २८, म्हणजे मिलिमीटरला १.८ किलो, बाहेरच्या कॅटलॉगच्या भाषेत १०० पाउंड पर इंच. लक्षात ठेवायला सोपं, मिलिमीटरला एक किलो म्हणजे ५६ पाउंड पर इंच. एका गोणीला जेमतेम १८-२० मिलिमीटरच हलली तर कोणीतरी आधीच पाटा वाढवलाय किंवा जास्त कडक कमान टाकलीये, आणि तरीही गाडी बसलेली असेल तर दणका का येतो ते समजलंच.

वजनही करून घ्या. दारूखान्यात भंगाराच्या धंद्यामुळे वजनकाटे आहेत, फक्त मागची चाकं काट्यावर घ्यायची, पेट्रोल अर्धी टाकी. हिशोबापुरतं मागचं वजन ४५० किलो धरू, त्यातून एक्सल आणि चाकांचे शंभरेक किलो वजा, राहिले ३५०, म्हणजे प्रत्येक कमानीवर १७५. रेट १.७५ असेल तर कमान १०० मिलिमीटर दाबलेली आहे. या दाबलेल्या आकड्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा डोलते ते निघतं, १५.८ भागिले त्या आकड्याचं वर्गमूळ, इथे दीडच्या जरा वर येतं. स्पोर्ट्स गाडीला हे छान आहे, घट्ट पण माणसात बसण्यासारखं. आता तीच कमान ३० टक्के कडक घ्या. डोलणं १.८ वर जातं, म्हणजे गचके सुरू, आणि दाब १०० वरून ७७ मिलिमीटरवर येतो, म्हणजे बाक तोच ठेवला तर गाडी २३ मिलिमीटर उंच बसते. नव्या कमानी टाकल्यावर गाडी मागून शेपूट वर केल्यासारखी दिसते ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, ती अशी तयार होते. रेट वाढवला आणि बाक कमी केलाच नाही.

उंच दिसणं हा नुसता शोभेचा प्रश्न नाहीये. या गाडीत मागचा एक्सल जागेवर धरून ठेवणारा दुसरा रॉड वगैरे काही नाही, कमानच वजन घेते, कमानच एक्सलला पुढे-मागे धरते, गिअर टाकल्यावरचा आणि ब्रेकचा पीळही तिनेच सोसायचा. बॉडी उंच गेली की कमानीचं पुढचं टोक एक्सलच्या तुलनेत वर जातं, आणि वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या बाजूचं चाक किंचित मागे सरकतं, म्हणजे मागचा एक्सल स्वतःच थोडा वळतो, तोही नको त्या दिशेने. खंडाळ्याच्या घाटात स्टिअरिंग धरलेलं असताना गाडी मागून आपली आपण आत यायला लागते ती भावना ज्याला आलीये त्याला वेगळं सांगायला नको. कंपनीनेही हे भोगलंय. १९७४ साली अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबर बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उचलली, हाताळणी बिघडली म्हणून ओरड झाली, शेवटी १९७६ च्या सुधारणेत मागेही अँटी रोल बार (वळणावरचा झुकाव कमी करणारी सळई) द्यावा लागला. म्हणून रबर बंपर गाडीच्या कमानी स्वस्तात मिळतायत, उंच पण आहेत, खड्ड्यांना बऱ्या, असं कोणी म्हणालं तर घेऊ नका.

लो करणाऱ्या कमानींचं मी लवकर आटपतो. रेस ट्रॅकवर त्यांना अर्थ आहे. मुंबईत तुमच्याकडे बंपस्टॉपपर्यंतची जी थोडी जागा आहे तीच खरी दौलत, ती ३० मिलिमीटरने कमी करून काय मिळवणार. कमान आणि एक्सलच्या मध्ये ठोकळे घालून लो करणं तर त्याहून वाईट, एक्सल कमानीपासून लांब गेला की पिळायला जास्त तरफ मिळते आणि जोरात क्लच सोडला की मागची चाकं थडथडतात.

स्पीडब्रेकरबद्दल मात्र जरा बोलायला हवं कारण तुम्ही उंची वाढवायचा विचार त्याच्यामुळेच करताय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. एमजीबीचा व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ९१ इंच, म्हणजे २.३१ मीटर. म्हणजे अशा स्पीडब्रेकरवर अख्खी गाडी चढते, आणि दोन चाकांच्या मध्ये त्याचा फुगवटा जेमतेम ४ सेंटिमीटर वर येतो. नीट उंचीवर असलेली एमजीबी दोघांना घेऊन त्यावरून न घासता जाते. घासते ती गल्लीतल्या हाताने घातलेल्या डांबराच्या अरुंद वरंब्यांवर, तिथे पूर्ण १० सेंटिमीटर पोटाखाली येतात. तिथे तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. कमान एक इंच उंच करून तो वरंबा काही सुटत नाही, पण बाकीची गाडी बिघडते. आणि एक्झॉस्ट मुळात बरोबर वर बांधलाय का ते बघा, लोकल बनवलेला सायलेंसर एका रबरावर लोंबत असतो आणि दोष कमानीला जातो.

पॅराबोलिक. तुमच्या मित्राचा सल्ला सगळ्यात जास्त विचार करण्यासारखा आहे म्हणून त्याला नीट उत्तर देतो. पॅराबोलिक कमानीत पाटे कमी असतात, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जातो, आणि पाटे एकमेकांना फक्त मध्यावर आणि टोकांना टेकतात. त्यामुळे घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, छोट्या खड्ड्यांवर, काँक्रीटच्या जॉइंटवर गाडी खरंच मऊ चालते, आणि पाट्यांच्या मध्ये पाणी अडकून गंज धरत नाही. पण जुन्या कमानीतलं तेच घर्षण शॉकअपचं बरंचसं काम फुकटात करत असतं. ते काढलं की सगळा भार त्या आर्मस्ट्राँग कंपनीच्या लिव्हर आर्म (हात वर-खाली होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) शॉकअपवर येतो, आणि तुमच्या गाडीत ते जुनेच असतील तर कोस्टल रोडवर एक लाट आली की गाडी तीन वेळा डोलेल. म्हणजे पॅराबोलिक टाकायचं तर शॉकअप आधी उत्तम पाहिजेत, मग आजच्या नळीसारखे टेलिस्कोपिक करू का, मग त्याला ब्रॅकेट वेल्ड करू का, असं ते वाढत जातं. आणि २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते ती चासी, बॉडी शेल, इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाडीची, तेव्हा बॉडीला वेल्डिंगवाली कामं करण्याआधी दहा वेळा विचार करावा. ज्याला महिन्यातून एकदा पुणे-कोल्हापूर करायचंय आणि शॉकअपवर खर्च करायची तयारी आहे त्याला मी पॅराबोलिक घे म्हणेन. रविवारच्या फेरीला ओरिजिनल पुरते, आणि ओरिजिनल चांगल्या अवस्थेत असेल तर ती गाडी किती गोड चालते हे बऱ्याच मालकांनी कधी अनुभवलेलंच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑर्डर देताना काय सांगायचं. नुसतं एमजीबी सांगू नका. रोडस्टर की जीटी (पक्क्या छताची एमजीबी) हे आधी, कारण जीटी मागून जड आहे आणि तिची कमान कडक येते. चासी नंबरची सुरुवात बघा, जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी. क्रोम की रबर बंपर. आणि तुमची ६७ ची आहे म्हणून एक्सल नक्की बघा, त्याच वर्षी रोडस्टरचा एक्सल बदलला. गाडीच्या मागे वाकून डिफरेन्शियलकडे बघा, मागच्या बाजूला बोल्टांनी बसवलेलं झाकण असेल तर नवा ट्यूब टाइप, मागची बाजू बंद गुळगुळीत असेल तर जुना बँजो. कमानी, यू-बोल्ट (कमान एक्सलला आवळून धरणारे) आणि पॅड एक्सलचा टाइप सांगूनच मागवा. शिवाय विकणाऱ्याला रेट आणि बसण्याची उंची दोन्ही विचारा, ज्याला रेट सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

इथेच बनवून घ्यायच्या असतील तर तेही चांगलं होतं, आपल्याकडे ६०एसआय७, एसयूपी ९ अशा ग्रेडचं कमानीचं स्टील मुबलक आहे, फक्त तुम्ही माप नीट द्यायला हवं. पुढच्या डोळ्यापासून (टोकाला वळवलेल्या गोल भोकापासून) सेंटर बोल्टपर्यंत (सगळे पाटे मध्ये एकत्र धरणाऱ्या बोल्टपर्यंत) आणि तिथून मागच्या डोळ्यापर्यंत वेगवेगळं अंतर, कारण चूक झाली तर एक्सल पुढे-मागे बसतो आणि चाक आर्चमध्ये वाकडं दिसतं. पाट्यांची रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी आणि लांबी, डोळ्याचा आतला व्यास, सेंटर बोल्टच्या डोक्याचा व्यास. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १७५ किलोला डोळ्यांच्या रेषेपासून मेन पाटा किती खाली पाहिजे ते, १७५ च्या जागी तुमच्या वजनकाट्याचा आकडा घाला. प्रेसवर तुमच्यासमोर दाबून दाखवायला सांगा. विकायच्या आधी कमान पूर्ण सपाट करून दोन-तीनदा दाबून घेतली आहे का विचारा, ते केलं नसेल तर ती पहिल्या महिन्यात तुमच्या गाडीखालीच बसते. पद्मिनीची किंवा अँबेसेडरची कमान कापून डोळा वळवून बसवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. नेहमी जोडीच बदला.

पाटे जुळवण्याआधी प्रत्येक पाटा सुटा असताना झिंक प्रायमर मारून घ्या आणि टेकतात त्या बाजूला ग्रॅफाइट. इंजिन ऑइल ओतू नका, ते रबराला फुगवतं आणि धूळ धरतं.

बुश रबरचेच घ्या. पॉलियुरेथेनचा मोह होतो पण गाडी झुकताना कमानीला थोडं पिळावं लागतं आणि ती मोकळीक डोळ्यातला रबर देतो. पॉली पावसाळ्यानंतर चिरचिरायला लागतो ते वेगळंच. पुढच्या डोळ्यातला बुश प्रेसवर बसवा, हातोड्याने नको. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, ढिल्या यू-बोल्टमुळेच कमान सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटते. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात पूर्ण बसलंय का हे बोटाने चाचपून मगच आवळा. आणि डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीही फायनल टाइट करायचे नाहीत, हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोघं बसवायचे, मग टाइट. लटकत्या अवस्थेत टाइट केलं तर रबर कायमचा पिळलेला राहतो, गाडी उंच दिसते आणि तो बुश लवकर फाटतो. हे एवढंसं काम गॅरेजमध्ये हटकून चुकवतात, तेव्हा समोर उभे राहा.

शॉकअप तपासायला कमान बदलतानाचीच वेळ बरी. लिंक सुटी करा आणि हात वर-खाली फिरवा, पूर्ण फेरीत दोन्ही दिशांना सलग जड लागला पाहिजे. मध्येच मोकळा जात असेल तर तेल कमी आहे, भरा आणि हवा जाईपर्यंत फिरवत राहा, इंजिनचं नाही, शॉकअपचं हायड्रॉलिक तेल. शाफ्टपाशी ओलं असेल किंवा शाफ्ट हलत असेल तर रिबिल्ट करून घ्या. तुमचा खड्ड्यातला दणका निम्मा इथून येतोय अशी मला शंका आहे.

सगळं बसल्यावर गाडी थोडी उंच दिसेल, लगेच काही करू नका. ५०० किलोमीटर चालवा, यू-बोल्ट परत आवळा, त्याच जागी, त्याच लेव्हलवर, त्याच पद्धतीने परत मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. डाव्या-उजव्यात सहा-सात मिलिमीटरचा फरक राहिला तर कमानी एकमेकींच्या जागी बदलून बघा, या गाडीत दोन्ही बाजूंच्या सारख्याच असतात, आणि जी जरा उंच बसते ती उजवीकडे, ड्रायव्हरखाली ठेवा.